घरी यायला व्हिसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निवडणूक आली, की मांडवीतल्या आमच्या घराच्या पायरीशी उमेदवार हात जोडून उभे राहतात. आई बाहेर येते, धाकटा भाऊ येतो, भावजय येते. त्या दिवसांत मी घरी असलो, तर माझ्याही हातात पत्रक पडतं. मी म्हणतो, "मला मत नाही हो." समोरच्याला वाटतं, यादीतून नाव गळलं असेल. तो लगेच धीर देतो, "काळजी करू नका, नाव घालून घेऊ." मग मला सांगावं लागतं, की नाव गळलेलं नाही, मीच ते सोडलं आहे. मी याच घरात लहानाचा मोठा झालो, मांडवीच्या काळ्या वाळूत खेळलो. पण २००९ सालापासून मी भारताचा नागरिक नाही.

हे वाक्य आजही माझ्या तोंडून सहज निघत नाही. ते का आणि कसं घडलं, हेच आज तुम्हाला सांगणार आहे.

कोकणातल्या माणसाला घर सोडणं नवीन नाही. मुंबईची बोट रत्नागिरीला यायची, तेव्हा माणसं पडावातून बोटीवर जायची आणि गिरणीत, गोदीत, कचेरीत चिकटायची. पुढे कुणी दक्षिण आफ्रिकेत गेलं, कुणी आखातात. मी १९९६ साली अमेरिकेला गेलो, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. "तीन वर्षांत परत येतो," असं अण्णांना सांगून गेलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील, पोस्टातून निवृत्त झालेले. तीनाची सहा वर्षं झाली, मुलं तिथे जन्मली आणि २००३ मध्ये ग्रीन कार्ड हाती आलं. ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहण्याचा परवाना. ते मिळालं तरी माणूस आपल्या देशाचाच नागरिक राहतो. मला तेवढं पुरेसं होतं. पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, हे ठाऊक होतं. पण मी तिकडे वळलोच नव्हतो.

मग २००७ च्या पावसाळ्यात अण्णा अंगणात पाय घसरून पडले. मांडीचं हाड मोडलं. मी तीन आठवड्यांची रजा काढून आलो, परत गेलो, पुन्हा आलो. अण्णा भिंतीला धरून चालत होते आणि मी कॅलेंडर बघत होतो. त्यांच्याजवळ सलग काही महिने राहायला हवं, हे कळत होतं. पण ग्रीन कार्डाचा एक नियम आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिलात, तर नागरिकत्वासाठीची पाच वर्षांची मोजणी तुटू शकते. आधी परवाना न काढता वर्षाहून जास्त राहिलात, तर कार्डच धोक्यात येतं. नागरिकाला मात्र हे बंधन नाही. तो हवा तितका काळ कुठेही राहू शकतो.

म्हणजे बघा, रत्नागिरीत जास्त दिवस राहता यावं, म्हणून मला अमेरिकेचा नागरिक व्हायचं होतं. बायकोला हे पटलं. अण्णांना मात्र मी काहीच सांगितलं नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये अर्ज भरला. तेव्हाची फी बोटांच्या ठशांसकट ६७५ डॉलर होती. पाच वर्षांत कुठे राहिलो, कुठे नोकरी केली, किती दिवस देशाबाहेर होतो, सगळं तारखांसह लिहायचं. जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के भिंगातून वाचून मी रत्नागिरीच्या प्रत्येक फेरीचे दिवस मोजले. इतक्या वर्षांत आपण आईवडिलांजवळ किती दिवस होतो, याचा हिशेब मी आयुष्यात पहिल्यांदाच केला. बेरीज फार कमी भरली.

एप्रिल २००९ मध्ये न्यूअर्कला मुलाखत झाली. त्या परीक्षेसाठी अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यांवरचे १०० प्रश्न आधीच छापून मिळायचे. त्यांतले दहापर्यंत विचारायचे, सहा बरोबर आले की पास. शिवाय इंग्रजीचं एखादं वाक्य वाचायचं, एखादं लिहायचं. (आता हे बदललं आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यांतले २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. कुणाच्या घरी तयारी चालली असेल, तर जुनी पुस्तिका वापरू नका.)

अधिकारी बाईंनी उभं करून खरं बोलण्याची शपथ दिली. मग अर्जातले प्रश्न एकेक करून विचारले. कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? कधी अटक झाली होती का? कुणाचा छळ केलात का? सतत दारूच्या नशेत असता का? मी "नाही, नाही" म्हणत गेलो. हसू येत होतं. पण तिथे हसायचं नसतं.

पुढे परीक्षा. देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? राज्यघटना. ती कधी लिहिली गेली? १७८७. पाच उत्तरं बरोबर आली. सहावा प्रश्न असा होता : "नागरिक होताना तुम्ही जी वचनं देता, त्यांतलं एक सांगा."

श्रोतेहो, या प्रश्नाला पुस्तिकेत अनेक उत्तरं दिलेली होती आणि त्यांतलं कुठलंही चालत होतं. पहिलंच उत्तर होतं, इतर देशांवरची निष्ठा सोडणे. मला ते पाठ होतं. पण ते ओठांवर येईना. मी म्हणालो, "या देशाचे कायदे पाळणे." बाईंनी खूण केली आणि म्हणाल्या, "अभिनंदन, तुम्ही उत्तीर्ण झालात." मी एक शब्द चुकवला होता. त्यांना ते कळलं नाही, मला कळलं.

पण चुकवून चुकवणार किती? जूनमध्ये शपथविधी झाला. मोठ्या दालनात कितीतरी देशांची माणसं उजवा हात वर करून उभी होती. त्या शपथेची सुरुवातच आजवर आपण ज्या देशाचे प्रजाजन किंवा नागरिक होतो, त्याच्यावरची निष्ठा पूर्णपणे सोडण्याने होते. शेजारी एक वयस्क बाई रडत होत्या. आनंदाने की दुःखाने, ते मी विचारलं नाही. दारातच ग्रीन कार्ड काढून घेतलं होतं. बाहेर पडताना प्रमाणपत्र आणि कागदी झेंडा हातात होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी माझा भारतीय पासपोर्ट मागितला नाही. भारताचं नागरिकत्व संपवलं ते आपल्याच कायद्याने. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं, की स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की भारताचं संपलं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. काहीजण जुना पासपोर्ट कपाटात ठेवून देतात आणि त्यावर प्रवासही करतात. तो गुन्हा आहे. पासपोर्ट भारतीय वकिलातीत जमा करून रीतसर दाखला घ्यावा, हेच बरं.

ऑगस्टमध्ये अण्णांना न्यूमोनिया झाला. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, अजून हाती आलेलं नव्हतं. तातडीने व्हिसा काढावा लागला. अर्जात एक रकाना होता, भेटीचं कारण. मी लिहिलं, 'आईवडिलांना भेटणे.' लिहिताना हात थांबला. चाळीस वर्षांत मांडवीला जाण्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

घरी आलो तेव्हा अण्णा सावरले होते. पोस्टातल्या माणसाची नजर; टेबलावरचा पासपोर्ट त्यांनी उचलला. दोन्ही देशांचे पासपोर्ट निळेच असतात. पण यावर सिंह नव्हते, गरुड होता. त्यांनी तो उघडला, व्हिसाचं पान बघितलं आणि विचारलं, "घरी यायला व्हिसा काढलास?"

मी सगळं सांगितलं. तुमच्यासाठीच केलं, असंही म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री जेवताना आईच काय ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून समुद्राकडे नेलं. जेट्टीच्या बाजूला बसलो. खूप वेळाने ते म्हणाले, "शपथ घेतलीस ना?"

"घेतली."

"मग पाळ. माझ्यासाठी घेतली असं म्हणू नकोस, ते खोटं आहे. शपथ माणूस स्वतःसाठी घेतो. आणि तिथे मत असेल ते देत जा. इथलंही गेलं आणि तिथलंही वाया घालवलंस, असं नको."

१९५२ पासून एकही मतदान न चुकवलेला माणूस बोलत होता. मला त्यांच्या रागाची भीती होती. त्यांनी मला जबाबदारी दिली, ती रागापेक्षा जड निघाली. त्या वर्षी नोव्हेंबरात मी न्यू जर्सीत पहिलं मत दिलं आणि रात्री फोन करून त्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी सात महिने त्यांच्याजवळ राहिलो. २०१२ साली ते गेले.

त्यानंतर कायद्याची दुसरी बाजू कळली. आमची थोडी हापूसची कलमं आहेत. ओसीआय कार्ड असलेल्याला शेतजमीन वारसाने मिळू शकते, त्यामुळे सातबाऱ्यावर भावाबरोबर माझं नाव लागलं. पण शेतजमीन, बागायत किंवा फार्म हाऊस विकत घेता येत नाही. शेजारची बाग विकायला निघाली, तेव्हा पैसे असून मी घेऊ शकलो नाही. घर, फ्लॅट चालतो. ओसीआयला आयुष्यभर कितीही वेळा येता येतं. पण मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. ज्यांची मुलं परदेशी नागरिक होण्याच्या वाटेवर आहेत, त्या बागायतदार आईवडिलांनी हे आधीच जाणून घ्यावं. भाऊबंदकीचे निम्मे वाद उशिरा कळण्यातून होतात.

माझे शाळेतले काही मित्र आखातात तीस-तीस वर्षं राहिले. ते देश सहसा कुणाला नागरिक करून घेत नाहीत. त्यामुळे आयुष्य तिथे घालवूनही ते भारतीयच राहिले आणि निवृत्त होऊन रत्नागिरीला परतले. माझ्या वाट्याला आलेला प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नाही. यात नशीबवान कोण, हे आम्ही भेटलो की अजून ठरवतो आहोत.

आणि उलट दिशेने आलेली माणसंही आहेत. गेल ऑम्वेट अमेरिकेत मिनिआपोलिसला जन्मल्या, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला इथे आल्या, भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या. १९८३ साली त्या भारताच्या नागरिक झाल्या. २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचं निधन झालं. मी सोडलं ते त्यांनी घेतलं, मी घेतलं ते त्यांनी सोडलं. आपला कायदाही सोपा नाही. दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मागणाऱ्याला साधारण बारा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, चारित्र्य बघतात आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या बावीस भाषांत मराठी आहे. म्हणजे मराठीच्या जोरावर माणूस भारतीय होऊ शकतो, हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. भाषा तर माझ्याकडून कुणी काढून घेतलेली नाही.

मी चूक केली का? श्रोतेहो, मला तसं वाटत नाही. सात महिने मिळाले, ते त्या शपथेमुळे मिळाले. पण ती फुकट मिळाली, असंही कुणी समजू नये. तुमचा मुलगा, तुमची लेक उद्या अशा मुलाखतीला बसणार असेल, तर त्यांना एवढंच सांगा : प्रश्नांची उत्तरं पाठ करा आणि जाण्याआधी घरी फोन करा. मी तो केला नाही. अण्णांना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. त्यांना ते व्हिसाच्या पानावरून कळलं.