शोक आणि प्रेरणा



भावना ही कार्याच्या आड येते, असे पुष्कळदा समजले जाते. रिद्धपूरचा दाखला याच्या उलट आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या वियोगाने व्याकूळ झालेले अनुयायी येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यात आले. नागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळा आठवीत बसत. म्हाइंभटांनी त्यांना ‘विसरा’ असे सांगितले नाही. काय आठवता, असे विचारले, आणि ऐकलेले लिहून ठेवले. पुढे ज्याने जी लीळा पाहिली होती, त्याच्याकडे जाऊन ती मिळविली. सुमारे १२७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठीच्या या आद्य गद्यग्रंथामागे एवढा साधा प्रश्न आहे.

१९८६ मध्ये पेनेबेकर व बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या दुःखाविषयी लिहावयास लावले. लिहिताच त्यांना अधिक खिन्न वाटले; पुढील काही महिन्यांत मात्र त्यांचे दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी झाले.

आई गमावलेले मूल वर्गात पाटीकडे नुसते पाहत बसते. ‘झाले गेले विसर, अभ्यासाला लाग’ असे गुरुजी सद्भावनेनेच म्हणतात. मूल विसरत नाही, फक्त बोलेनासे होते. त्याला जवळ बसवून विचारावे, “तुझी माय काय काय करीत असे?” ते भाकरीविषयी सांगेल, एखाद्या रागावण्याविषयी सांगेल. सांगितलेले त्यालाच दोन ओळींत लिहू द्यावे. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी काढू नयेत. ते गप्प राहिले, तर प्रश्न तेथेच सोडावा आणि दुसऱ्या दिवशीही त्याला जवळच बसवावे.