तहान दाबून प्रवास

लघवीला जळजळ होते म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला मी आधी विचारते, "सकाळी कितीची लोकल?" निम्मं निदान तिथेच होतं. विरार ते चर्चगेट साधारण 60 किलोमीटर, आणि लोकलमध्ये शौचालय नाही. फुलं, भाजी घेऊन दादरला जाणारी आपली वसईची बाई म्हणून पहाटेपासून पाण्याचा घोटच टाळते. "भरपूर पाणी प्या" सांगायला माझं काय जातं? तिला गर्दीत उभ्याने दादर गाठायचं असतं.

बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर. पाणी कमी पडलं, लघवी तुंबवली, की जंतूंना आत ठाण मांडायला वेळ मिळतो. तेव्हा गाडीत चढण्याआधी आणि उतरल्यावर जाऊन याच, स्टेशनवर रांग असली तरी. पाणी घटाघटा नको, थोडं थोडं प्या. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, शेजारणीच्या तर नकोतच. थंडी वाजून ताप आला, कुशीत-पाठीत दुखलं, किंवा दिवस गेलेले असताना जळजळ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. स्वयंपाकाला तासभर उशीर झाला तर होऊ दे.