चाकांवरच्या घराची कल्हई

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना नीरा नदीचा पूल ओलांडला कीं शिरवळ लागतें. पुढें खंबाटकीचा घाट, त्यानंतर सुरूरचा फाटा आणि तेथून वाई, पांचगणी, महाबळेश्वर. या रस्त्यावर अलीकडे एक निराळें वाहन मधूनमधून दृष्टीस पडतें. त्यांत निजण्याची सोय असते, चहापुरती शेगडी असते, लहानशी मोरीहि असते. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण मंजूर केलें, तेव्हांपासून या चाकांवरच्या घरांस राजमान्यता मिळाली. कोणी तें भाड्यानें घेऊन आठ दिवसांचा प्रवास करतो. कोणी निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून तें बांधून घेतो. अशा गृहस्थाच्या दृष्टीनें गाडीच्या बाहेरचा रंग ही केवळ शोभा नव्हे. आयुष्याच्या बचतीचा एक भाग त्यांत गुंतलेला असतो.

शिरवळास चहापुरतें थांबल्यावर पुष्कळदां एक देखावा पाहावयास मिळतो. वाटेंतील धूळ गाडीवर बसलेली असते. मालक आंतून कोरडें फडकें काढतो आणि मोठ्या प्रेमानें सारी बाजू पुसून काढतो. गाडी तेवढ्यापुरती लख्ख दिसते. परंतु दख्खनच्या रस्त्यांवरील धूळ म्हणजे बऱ्याच अंशीं काळ्या पाषाणाचा चुरा. त्याचे कण गाडीवरील रोगणापेक्षां कठीण असतात. फडक्याखालीं सांपडून ते रोगणावर बारीक ओरखडे काढतात. पहिल्या दिवशीं ते दिसत नाहींत; कालांतरानें उन्हांत तिरप्या नजरेनें पाहिलें म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटलेले आढळतात. मग कोणीतरी 'रबिंग-पॉलिश' करून घेण्याचा सल्ला देतो, आणि खरें नुकसान तेथून सुरू होतें.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. तळाशीं गंज रोखणारें अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. या सर्वांची मिळून जाडी सामान्यतः १०० ते १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा किंवा दहावा हिस्सा. त्यांतलें वरचें रोगण अदमासें ४० ते ५० मायक्रॉन भरतें. माणसाचा केस बहुधा याहून जाड असतो. उन्हांतील अतिनील किरण अडविणारीं द्रव्यें याच पातळ रोगणांत मिसळलेलीं असतात. तें झिजलें कीं खालचा रंग उघडा पडतो, फिका होतो आणि शेवटीं त्याचे पोपडे निघतात.

शिरवळजवळ, खंडाळा तालुक्यांतच, एशियन पेंट्सचा मोठा कारखाना २०१३ सालीं सुरू झाला. घराच्या भिंतीचा रंग उडाला तर असा डबा आणून नवा हात देतां येतो. चाकांवरच्या घराचें तसें नाहीं. सहा-सात मीटर लांबीची गाडी पुन्हां रंगवावयाची म्हणजे दिवे, पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी उतरवून पुष्कळ दिवस चालणारें आणि तितकेंच खर्चाचें काम. म्हणून असलेलें रोगण राखणें हाच शहाणपणा.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. पॉलिश आणि मेण हे दोन शब्द बाजारांत सर्रास एकाच अर्थानें वापरले जातात. परंतु त्यांचीं कामें परस्परविरुद्ध आहेत. पॉलिशांत बारीक घर्षक पूड असते. ती ओरखड्याभोंवतालचें रोगण झिजवून पृष्ठभाग सपाट करते. मेण कांहींच काढून घेत नाहीं. तें वर एक पातळ लेप ठेवतें. तांब्या-पितळेच्या भांड्यांस कल्हई करण्याची चाल ज्या घरांतून अजून आठवणींत आहे, तेथें हा भेद समजावून सांगावयास नको. कल्हई झिजली कीं ती पुन्हां करून घ्यावयाची. भांडें तेंच राहतें. मेण ही गाडीची कल्हई होय. पॉलिश मात्र भांडेंच घासतें. तें क्वचित् करावें, आणि तेंहि डाग किंवा ओरखडे खरोखरच खुपत असतील तरच.

मेण घेतांना डब्यावरील चित्रापेक्षां मजकूर वाचावा. 'क्लीनर वॅक्स' असें लिहिलें असल्यास त्यांत घर्षक किंवा रोगण खरवडणारीं द्रव्यें असण्याचा संभव फार. तें दरमहा वापरूं नये. निव्वळ लेपाचे मुख्य प्रकार दोन. पहिला कार्नौबा मेणाचा. हें मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गी झाडाच्या पानांवर सांठतें. मधमाशांचें मेण ६२ ते ६४ अंश सेंटिग्रेडला वितळतें; कार्नौब्यास ८२ ते ८६ अंश लागतात. वैशाखांतल्या उन्हांत उभ्या गाडीचा पत्रा हात लावूं देत नाहीं, तेव्हां हा कठीणपणा उपयोगी पडतो. त्याची झळाळी डोळ्यांस सुखविते, परंतु ती फार तर दोन-तीन महिने टिकते. दुसरा प्रकार कृत्रिम द्रव्यांच्या 'सीलंट'चा. त्याची झळाळी थोडी रुक्ष, परंतु तो सामान्यतः चार-सहा महिने काम देतो. एवढ्या उंच गाडीला छप्पर मिळणें कठीण; जी बारा महिने उघड्यावर उभी राहते तिला दुसराच प्रकार बरा. सिरॅमिक लेप याहून अधिक टिकतो. पण तो देण्यापूर्वीं जे ओरखडे राहतील ते त्याखालीं कायम होतात, आणि खडी उडून बसणारा मार तोहि थांबवीत नाहीं.

सर्व अंगाला एकच नियम लावूं नये. कांहीं गाड्यांचें अंग पत्र्याचें नसून काचतंतूंचें असतें. त्यावरील जेलकोट सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर बोट फिरविल्यास खडूसारखी पूड लागली, तर तेथें आधीं पॉलिश आणि मग मेण हाच क्रम योग्य. मळकट काळ्या प्लॅस्टिकवर मेणाचे पांढरे डाग राहतात. ज्या छपरावर चढून चालावें लागतें तेथें मेण मुळींच लावूं नये. पाय घसरून होणारी हानि रंगाच्या हानीहून मोठी.

मेणापूर्वीं धुणें. गाडी सावलींत आणि थंड असावी. प्रथम नुसत्या पाण्याचा झोत वरून खालीं सोडून धूळ वाहूं द्यावी. नंतर गाडीसाठींच असलेला सौम्य शांपू घ्यावा; भांड्यांचा साबण किंवा कपड्यांचा सोडा लेपहि काढून नेतो. दोन बादल्या ठेवाव्या, एक साबणाची आणि एक फडकें खळबळण्याची. विंधन विहिरीचें पाणी बहुधा जड असतें. उन्हांत सुकूं दिल्यास त्याचे पांढरे ठिपके रोगणावर बसतात, यास्तव लगेच मऊ मायक्रोफायबर कापडानें टिपून घ्यावें. वडा-पिंपळाखालची सावली मोहक खरी, परंतु पक्ष्यांची विष्ठा उन्हांत रोगण खाते. ती त्याच दिवशीं ओल्या फडक्यानें भिजवून उचलावी, खरवडूं नये. ऊस तुटल्यावर शेतांत पाचट पेटलें असेल तर गाडीवर बसलेली राख दंवानें ओली होण्यापूर्वींच धुऊन टाकावी.

मग मेण. एका वेळीं दोन फूट लांबी-रुंदीचा भाग घ्यावा, लेप पातळ द्यावा, त्यावर धुरकट पटल आलें म्हणजे दुसऱ्या कापडानें हलकेंच पुसावें. जाड थरानें अधिक रक्षण होत नाहीं. पुसण्याचा त्रास मात्र वाढतो. एवढी गाडी एका दिवसांत उरकण्याचा हट्ट नको. एका रविवारीं एक बाजू पुरे. सीलंटचा एक हात मृगापूर्वीं आणि दुसरा पावसाळ्याचा चिखल संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास, इतका क्रम बहुतेकांस पुरतो.

लेप शिल्लक आहे किंवा नाहीं हें ओळखण्यास कोणतेंहि यंत्र नको. पावसाची सर येऊन गेल्यावर गाडीकडे पाहावें. अळवाच्या पानावर उभे राहतात तसे पाण्याचे थेंब टपोरे उभे असतील तर लेप आहे. पाणी पसरून चादरीसारखें बसलें असेल तर तो गेला. खंबाटकीच्या अलीकडे शिरवळास गाडी थांबली असतां मालकानें चहा घेतां घेतां एवढेंच पाहावें, आणि कोरडें फडकें आंतच राहूं द्यावें.