लांबी भरलेलं कासव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय गुरुजन आणि आठवी ते दहावी एकाच पत्र्याच्या वर्गात उकडून निघालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘माझा प्रवास’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझा प्रवास म्हणजे शाळा, मग इंजिनिअरिंग, मग पुण्यात संगणकासमोर पंचवीस वर्षं. त्यात सांगण्यासारखं फार नाही. म्हणून मी आज एका कासवाबद्दल बोलणार आहे. मागच्या बाकावरचे काही जण आत्ताच हसले. त्यांना बरोबर आठवलंय.

१९९३ चा मार्च महिना. आपण आठवीत होतो. शाळेच्या विहिरीचा गाळ काढायचं काम चाललं होतं. आपल्याकडं विहिरीत कासव असणं चांगलं मानतात, तसं आपल्याही विहिरीत एक काळं कासव होतं. गाळ उपसणाऱ्या बादलीचा त्याला मार बसला आणि पाठीवर बोटभर लांबीची भेग पडली. पोरांनी ते पोत्यात घालून वर्गात आणलं. कोणी म्हणालं हळद भरा, कोणी म्हणालं खोबरेल तेल लावा. मी म्हणाले, थांबा, मी आणते.

आमचं हार्डवेअरचं दुकान तुम्हाला माहीत आहे. रंगकाम करण्याआधी दाराच्या भेगांत भरतात ती लांबी मी दुकानातून आणली. चमच्याच्या दांड्यानं भेगेत दाबून बसवली, वरून घासून गुळगुळीत केली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर काळा ऑईलपेंटही मारला. भेग कुठं होती ते शोधून सापडत नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी प्रार्थनेच्या वेळी मला पुढं बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर म्हणाले, “ही पोरगी इंजिनिअर होणार बघा.” तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कासव प्रयोगशाळेमागच्या सिमेंटच्या हौदात सोडलं.

तीन आठवड्यांनी ते गेलं. शिपाई मामांनी लिंबाखाली पुरलं. सगळे म्हणाले, वय झालं असेल.

इथपर्यंतची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पुढची मी कुणालाच सांगितली नव्हती. ते जायच्या चार दिवस आधी मधल्या सुट्टीत मी एकटीच हौदाकडं गेले होते. लांबीची एक कड सुटली होती. तिच्याखालून पू येत होता, घाण वास येत होता. मी काय केलं, तर ती कड अंगठ्यानं दाबून परत बसवली आणि वर्गात येऊन बसले. सर मला इंजिनिअर म्हणाले होते. ते काम बिघडलंय हे मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं.

आता दोन वर्षांपूर्वीचं सांगते. माझ्या मुलीकडं एक कासव आहे, डोळ्यांमागं लाल पट्टा असलेलं. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं ते, मूळचं अमेरिकेतलं. आणलं तेव्हा बिस्किटाएवढं होतं, आता माझ्या तळहातापेक्षा मोठं आहे. एका रविवारी ती त्याला उन्हात न्यायला गॅलरीत गेली आणि ते हातातून निसटून खाली पार्किंगमध्ये फरशीवर पडलं. पाठीवर आडवी भेग. रक्त येत होतं. मुलगी थरथरत उभी होती.

आणि माझा हात कुठं गेला असेल? स्वयंपाकघरातल्या खणात, नळाची गळती बंद करायच्या लुगदीकडं. तीस वर्षांनीसुद्धा तिकडंच. पाकीट फोडलंही होतं. मग तो हौदाचा वास आठवला आणि मी ते खाली ठेवलं.

आमचे नेहमीचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. त्यांनी फोनवर सांगितलं, पाण्यात टाकू नका, कोरड्या टॉवेलवर खोक्यात ठेवा आणि सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडं न्या. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक डॉक्टर मॅडम मिळाल्या.

त्यांनी पहिल्यांदा मला समजावलं की कवच म्हणजे कासवानं अंगावर घेतलेलं भांडं नव्हे. ते त्याचं हाडच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या कवचालाच जुळलेल्या असतात, वर नखासारख्या पदार्थाचे खवले. त्यात नसा असतात, रक्त असतं. दुखतं. पाठीच्या कवचाला आतून लागूनच फुप्फुसं असतात, म्हणून भेग किती खोल आहे हे एक्स-रे काढून बघावं लागतं. आपण महादेवाच्या देवळात दगडी कासवाला हात लावून आत जातो ना, तसंच मी जिवंत कासवालाही दगडाचं समजत आले होते.

मॅडमनी वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं. सलाईननं भेग धुतली, पुन्हा पुन्हा धुतली. पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन लावलं. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना, चांगल्या कवचावर, लहान लहान हुक चिकटवले आणि त्यांत तार ओवून दोन्ही कडा जवळ ओढल्या. भेग मात्र भरली नाही. तिच्यावर फक्त ड्रेसिंग.

मी विचारलं, “मॅडम, ही बंद का नाही करत?”

त्या म्हणाल्या, “आत घाण राहिली आणि वरून बंद केलं, तर वरून चकचकीत दिसतं आणि आतून कुजतं. कासव आजार दाखवत नाही. आपल्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.”

मी बाकावर बसले. मुलीला वाटलं, मी तिच्या कासवासाठी रडतेय.

पुढचे पाच महिने आमच्या घरात दवाखाना होता. पाण्यातलं कासव कोरड्या खोक्यात. वर दिवा, आतली उष्णता २८ ते ३० अंश, कारण त्याचं रक्त आपल्यासारखं स्वतःहून गरम राहत नाही आणि गारठ्यात जखमही भरत नाही, औषधही नीट लागू पडत नाही. दर तीन दिवसांनी प्रतिजैविकाचं इंजेक्शन, तेही पुढच्या पायाच्या वरच्या बाजूला, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडं जाऊ शकतं. रोज ड्रेसिंग. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मॅडमनी परवानगी दिल्यावर उथळ कोमट पाण्यात थोडा वेळ, जखम पाण्याबाहेर ठेवून. एकोणीस दिवस त्यानं काही खाल्लं नाही. विसाव्या दिवशी एक कोळंबी खाल्ली आणि आम्ही शेजाऱ्यांना पेढे दिले. तुटलेलं हाड आपल्याला दीड-दोन महिन्यांत जुळतं, कासवाला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही.

नोंदी मुलगी ठेवायची. वजन, तापमान, औषध. एकदा मी वही उघडली. पहिल्या पानावर, तारखेखाली, तिनं लिहिलं होतं : “माझ्या हातून पडलं.” बाकी काही नाही. मग दुसऱ्या ओळीपासून वजन.

त्या रात्री मी तिला आपल्या विहिरीतल्या कासवाची गोष्ट सांगितली. अंगठ्याचीसुद्धा. ती जरा वेळ गप्प बसली आणि विचारलं, “मग तू सरांना सांगितलंस का?”

सांगितलं नव्हतं. म्हणून आज बोलतेय.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तेव्हा मी तुमच्याकडं पळत आले असते तर तुम्ही कासव घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेला असता, हे मला आता कळतं. ते वाचलं असतं की नाही माहीत नाही. पण मी आले नाही. त्या टाळ्या मी तीस वर्षं जपून ठेवल्या होत्या, आज परत करते.

जाता जाता कामाचं सांगते, कारण तुमच्यातले बरेच जण शेतात असता. विहिरीत, ओढ्यात, रस्त्यावर जखमी कासव दिसलं तर भेगेत हळद, तेल, शेण, डिंक काहीही भरू नका. पाण्यात सोडू नका. दूध-भात चारू नका. कोरड्या खोक्यात, उबदार जागी, अंधारात ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपल्याकडची कासवं वन्यजीव आहेत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, ती घरात पाळता येत नाहीत. पाठीवर चांदण्या असलेलं तारांकित कासव तर २०२२ च्या दुरुस्तीनं पहिल्या अनुसूचीत गेलं आहे. आणि लांब कशाला जायचं, आपल्याच शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र चालवतं. जखमी वन्यजीव तिथं बरे होतात आणि परत रानात जातात. आपल्या वेळी असं काही ठाऊक नव्हतं. आता आहे.

ज्यांच्या मुलांकडं माझ्या मुलीसारखं परदेशी कासव आहे, त्यांनी कंटाळा आला म्हणून ते विहिरीत किंवा सिंदफणेत सोडू नये. ते आपल्या कासवांचं खाणं आणि जागा दोन्ही घेतं.

आमचं कासव बरं आहे. हुक निघाले. भेगेच्या जागी एक पांढुरकी रेघ राहिली आहे. मुलीनं एकदा विचारलं, तिच्यावर रंग देऊ या का? मी म्हणाले, नको, दिसू दे.

सकाळी आल्या आल्या मी लिंबाकडं जाऊन आले. झाड खूप मोठं झालंय. जागा नक्की कोणती ते ओळखता आलं नाही.