राखणीसाठीही दान हवे



लोकोपयोगी कामासाठी हात सैल सोडायला इंदूरला कुणी शिकवावे लागत नाही. अहिल्यादेवींनी देशभर घाट, कुंडे, धर्मशाळा उभारल्या, त्या स्वतःच्या खासगीतून, म्हणजे राजघराण्याच्या खासगी मालमत्तेच्या उत्पन्नातून, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या दानाचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्या विस्मरणात गेला आहे. खासगीचे उत्पन्न दरसाल येत असे, म्हणून बांधलेल्या वास्तूंची झाडलोट आणि डागडुजीही दरसाल करता येत असे. आज बागा, तळी आणि टेकड्यांसाठी आपण देणग्या देतो, तेव्हा नेमकी हीच तजवीज राहून जाते. म्हणून माझे आजचे म्हणणे एकच आहे : मोकळ्या जागांसाठीच्या प्रत्येक दानात राखणीचा वाटा आधी बाजूला काढावा आणि मगच उभारणीचा आकडा ठरवावा.

१४ जुलै २०२४ रोजी रेवती टेकडीवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लागली आणि जागतिक विक्रम झाला. शहराचा तो उत्साह खराच होता. पण रोपाची खरी परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात असते. माळव्याची काळी माती वैशाखात भेगाळते, मुळे उघडी पडतात. मग आळे नीट करावे लागते, टँकर बोलवावा लागतो, गुरे हाकलावी लागतात, मेलेल्या रोपाच्या जागी नवे लावावे लागते. हे एक-दोन वर्षांत संपत नाही. टँकरच्या बिलावर आणि राखणदाराच्या पगारावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही, म्हणून त्याला पैसा मिळत नाही. याउलट सिरपूरचा तलाव पाहा. सांडपाणी, जलपर्णी आणि अतिक्रमण यांच्या विळख्यातून तो वाचावा म्हणून चित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे निसर्गप्रेमी सहकारी वर्षानुवर्षे चिकाटीने झटले. २०२२ मध्ये सिरपूरला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आणि २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता. या यशाच्या मुळाशी एखादा समारंभ नाही, सातत्य आहे.

आता पैशाच्या वाटा पाहू. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्यात पर्यावरण बसते, आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. पण चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून तीनच वर्षे आहे, आणि २०२१पासून संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. म्हणजे खोदाई, लागवड, कुंपण कंपनीच्या पैशातून होईल. त्यापुढच्या वर्षांचा भार नागरिकांनी उभारलेल्या कायम निधीनेच उचलावा लागेल. तो निधी कसा असू नये, हेही खासगीच्याच इतिहासात दिसते. होळकरांचे संस्थान विलीन झाल्यावर खासगीचे उत्पन्न सरकारजमा झाले आणि धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये कायमचे ठरले. महागाई वाढली तरी असा आकडा जागचा हलत नाही. व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात परत घातला नाही, तर आपल्याही निधीची हीच गत होईल.

यावर पहिला आक्षेप असा, की बागा राखणे महापालिकेचे काम आहे आणि त्यासाठी आपण कर भरतो. आक्षेप रास्त आहे. दानाने पालिकेची जबाबदारी संपता कामा नये. पण लोकांचा सहभाग आणि सरकारी जबाबदारी एकत्र नांदू शकतात. १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल देणाऱ्या पॅट्रिक गेडीस यांनी याच शहरात दिवाळीची मिरवणूक काढली, तेव्हा लोकांनी सर्वांत स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले होते. आजचे स्वच्छ इंदूरही रोजच्या झाडूवर उभे आहे. दुसरा आक्षेप, राखणीचा पैसा पगारात मुरतो. त्याला उत्तर हिशेबाचे आहे : दर जूनमध्ये जिवंत झाडे मोजावीत आणि तो आकडा खर्चासह बागेच्या फाटकावर लावावा. तिसरा आक्षेप, आधी दवाखाने आणि शाळा. पण ज्यांच्या घराला अंगण नाही, गच्ची नाही, त्यांच्या मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना टेकायला सार्वजनिक बागच असते. कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठच्या वस्त्यांना तर मोकळा, स्वच्छ काठ हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

तेव्हा अनुदान देणाऱ्या न्यासांच्या या परिषदेने तीन गोष्टी ठरवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिली, ज्या प्रस्तावात किमान पाच वर्षांच्या राखणीचा खर्च दाखवलेला नाही, त्याला आपल्यापैकी कोणत्याही न्यासाने अनुदान देऊ नये. दुसरी, पाणी आणि वीज कोण देणार, राखणदार कोण नेमणार, हे पालिकेशी लेखी करारात आधी ठरावे. तिसरी, अनुदान शक्यतो त्याच वस्तीतल्या मंडळाच्या हाती द्यावे, कारण सुकलेले रोप सर्वांत आधी त्यांनाच दिसते. एवढे केले तर पुढची पिढी आपल्याकडून पाट्या नव्हे, सावली मागून घेईल आणि ती तिला मिळेलही.