रेशनकार्ड आणि दप्तर



महागाई वाढली की घरोघरी काटकसर सुरू होते. आधी कपडालत्ता कमी होतो, मग दूध-भाजी, आणि शेवटी एक दिवस मुलीचे दप्तर खुंटीला लागते. "आठवी झाली, पुरे झाले," असे म्हटले जाते. आठवीपर्यंत सरकारी व अनुदानित शाळेत दुपारचे जेवण व पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववीत हे दोन्ही आधार सुटतात. खर्च वाढतो तो नेमका तेथे. ही तूट कोठून भरून काढायची? माझे म्हणणे असे, की निदान काही भाग आपल्या घरातील रेशनकार्डातून भरून निघू शकतो.

काही पालक म्हणतात, "सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" स्वाभिमान चांगलाच; पण येथे हात पसरण्याचा प्रश्नच नाही. खैरात आणि हक्क हे दोन्ही शब्द अरबीतून मराठीत आले, परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आपल्या महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याचे तत्त्व राबवले, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. त्या खर्चासाठी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. धान्याचेही तसेच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ते हक्काचे झाले. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

आता थोडे गणित करू. घरात सात माणसे आहेत आणि कार्डावर नावे पाच. सून माहेरच्या कार्डातून कमी झाली, सासरच्या कार्डावर चढलीच नाही. नातवाचेही नाव राहिले. दरमहा १० किलो गेले, वर्षाला १२० किलो. बाजारभाव किलोला ३० रुपये धरला तरी ३,६०० रुपये होतात. एवढ्यात एका मुलीच्या वह्या, गणवेश आणि परीक्षेची फी भागायला मोठाच हातभार लागेल.

म्हणून पालकांनो, आज घरी गेल्यावर कार्ड काढून नावे मोजा. आधारवरचे नाव आणि कार्डावरचे नाव जुळते का ते पाहा. रेशन दुकानात प्रत्येकाचा अंगठा लावून ई-केवायसी झाली आहे का ते विचारा. नाव राहिले असेल तर श्रीरामपूरच्या तहसील कचेरीतील पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. राज्याचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवरून ठरलेला, सुमारे ७ कोटींचा आहे. त्यामुळे अर्ज दिला की लगेच धान्य सुरू होईलच असे नाही. पण अर्जच दिला नाही तर नंबर लागणार कसा? कोणी कामासाठी पुण्या-मुंबईला असेल, तर त्याच कार्डावर तेथेही धान्य मिळते. आणि भगिनींनो, या कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री हीच कार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरते. तेव्हा पुढे होऊन विचारण्यात संकोच कसला?

मुलींसाठी आणखी एक सांगतो. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. योजनेला नाव अहिल्यादेवी होळकरांचे. आपल्याच जिल्ह्यातील चौंडी हे त्यांचे जन्मगाव.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरात कदाचित तुम्हालाच अर्ज नीट वाचता येत असेल. आजीचा, शेजारच्या मावशीचा अर्ज तुम्ही भरून द्या. शिकण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याला ते उत्तर पुरेसे आहे.

कार्डातून वाचलेला रुपया मात्र दप्तरासाठी बाजूला ठेवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.