मी कलेक्टर झाले त्याची गोष्ट

(आपल्या मंडळाच्या 'नवा देश, नवा व्यवसाय' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत्ता सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना "या कलेक्टर आहेत" असं म्हटलं आणि मागच्या रांगेतले दोन-तीन काका एकदम ताठ बसले. काका, आरामात बसा. माझ्या गाडीवर लाल दिवा नाही. आपल्याकडे कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. इथे ऑस्ट्रेलियात पॅथॉलॉजी कलेक्टर म्हणजे तपासणीसाठी तुमचं रक्त काढणारी बाई. ती मी.

या शब्दाचा माझ्या वडिलांनी मोठा खुबीने उपयोग करून घेतला, पण ते नंतर सांगते.

मी मूळची नाशिकची. बी.कॉम. झाले आणि एका सहकारी बँकेत अठरा वर्षं नोकरी केली. २०१६ साली यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नला आलो. सुरुवातीचं वर्ष घर लावण्यात आणि मुलीच्या शाळेत गेलं. मग अर्ज पाठवायला लागले. किती पाठवले ते मोजणं पन्नासानंतर सोडून दिलं. "लोकल एक्स्पीरियन्स" नावाचा तो राक्षस तुमच्यापैकी बऱ्याच जणांना भेटलेला असेल. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही!

एकदा रक्त तपासायला गेले होते. रक्त काढणारी बाई माझ्याच वयाची, फिलिपिन्सहून आलेली. बोलता बोलता म्हणाली, "मी तिकडे शिक्षिका होते. इथे येऊन हा कोर्स केला." घरी आल्यावर मी शोधाशोध केली. कोर्सचं नाव सर्टिफिकेट थ्री इन पॅथॉलॉजी कलेक्शन. टेफमध्ये किंवा नोंदणीकृत खाजगी संस्थेत करता येतो. वेळ संस्थेनुसार कमीजास्त लागतो, मला सगळं मिळून वर्षभर लागलं. मेडिकलची पार्श्वभूमी लागत नाही, आणि नर्सला लागते तशी राष्ट्रीय नोंदणीही या कामाला लागत नाही. प्रवेशाच्या वेळी भाषेची आणि हिशोबाची एक छोटी चाचणी झाली. हिशोब म्हटल्यावर बँकवाली कशाला घाबरते!

घाबरले ते पुढे. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, आता हातात सुई देतील. छे! कित्येक आठवडे सुईचं दर्शन नाही. आधी हात कसे धुवायचे, हातमोजे कसे काढायचे, वापरलेली सुई पुन्हा झाकणात न घालता थेट पिवळ्या डब्यात कशी टाकायची. हेपॅटायटिस बीची लस, पोलीस तपासणीचं प्रमाणपत्र. मग शिरांचा अभ्यास. आणि मग एक रबरी हात, ज्याच्या नळ्यांतून लाल रंगाचं पाणी वाहतं. त्या बिचाऱ्या हाताला मी इतकं टोचलं आहे की तो बोलू शकला असता तर माझ्यावर खटला भरला असता.

शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटांनी शोधायची असते, हे तिथे शिकले. हिरवी-निळी ठळक दिसणारी शीर कित्येकदा फसवी निघते. भिजवलेल्या कणकेवर बोट दाबून सोडलं की ती जशी हळूच वर येते, तसं बोटाखाली लागलं की समजायचं ही चांगली शीर. जिथे ठोके लागतात ती धमनी, तिच्या वाटेला जायचं नाही. कोपराच्या वर चार बोटं पट्टा बांधायचा आणि एका मिनिटाच्या आत सोडायचा.

आता एक प्रश्न विचारते. रक्त देताना मूठ उघड-मीट करायची सवय किती जणांना आहे? पाहा, अर्धी सभा! आपल्याला लहानपणापासून हेच सांगितलं गेलंय. पण तसं केल्याने स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि रिपोर्टमध्ये ते उगाच वाढलेलं दिसतं. मूठ हलकेच मिटा आणि स्वस्थ बसा.

नळ्यांच्या रंगीत झाकणांचंही तसंच. मला आधी वाटायचं, हे आपलं रांगोळीसारखं दिसायला छान म्हणून असेल. पण त्याला क्रम असतो: आधी निळी, मग सोनेरी किंवा लाल, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं त्यात पोटॅशियम असतं. त्याचा अंश जरी पुढच्या सोनेरी नळीत गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. निळी नळी रेघेपर्यंत भरावीच लागते, कारण तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असं प्रमाण ठरलेलं आहे. भरलेली नळी हलकेच उलटी-सुलटी करायची, ताक घुसळल्यासारखी हलवायची नाही. नाहीतर रक्तपेशी फुटतात आणि पुन्हा रिपोर्ट चुकतो. लॅबमधलं यंत्र कितीही लाखांचं असो, त्याला आम्ही जे पाठवू तेच ते मोजणार.

आता माझ्या चुकीची गोष्ट. ही मी आजवर बाहेर कुठे सांगितलेली नाही.

वर्गातलं शिक्षण झाल्यावर प्रत्यक्ष केंद्रात, देखरेखीखाली काम करावं लागतं. माझा तिसरा आठवडा असेल. हात बऱ्यापैकी बसला होता, त्यामुळे मान थोडी ताठ झाली होती. बाहेर गर्दी. मी फॉर्म उचलला, दारात जाऊन आडनाव पुकारलं. आपल्यातलंच आडनाव. एक गरोदर मुलगी उठून आली. खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तू अमुक अमुकच ना?" ती हसून "हो" म्हणाली. मी पट्टा बांधला, शीर सापडली, पुसून घेतली. सुईचं टोपण काढणार इतक्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई शांतपणे त्या मुलीला म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगशील का?"

तिने सांगितली. नाव वेगळं, तारीख वेगळी. त्याच आडनावाची दुसरी बाई बाहेर बसलेली होती! गर्दीत, परक्या उच्चारात विचारलेल्या प्रश्नाला माणूस "हो"च म्हणतं. आपण नाही का म्हणत?

मंडळी, माझ्या हातातल्या त्या फॉर्मवर रक्तगटाची तपासणी होती. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट जगासमोर मांडले, तेव्हापासून चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर काय होऊ शकतं हे माहीत आहे. माणूस दगावू शकतो. एकीच्या नावाच्या नळीत दुसरीचं रक्त गेलं असतं, तर लॅबला ते कळलंच असतं असं नाही. तपासणी अचूक झाली असती, फक्त माणूस चुकीचा.

त्या बाई मला सगळ्यांसमोर काहीच बोलल्या नाहीत. दुपारी डबा खाताना एवढंच म्हणाल्या, "काळं-निळं झालेलं आठवड्यात बरं होतं. नाव चुकलं तर बरं होईलच असं नाही." मला पुढचा घास गेला नाही. बँकेत अठरा वर्षं मी सह्या पडताळल्या होत्या. दुसऱ्याच्या खात्यात एक रुपया गेला तरी संध्याकाळी घरी जाता येत नसे. आणि इथे मी नाव न पडताळता सुई उचलली होती! त्या दिवशी मला कळलं की माझा जुना अनुभव वाया गेलेला नाही, मीच तो दाराबाहेर काढून ठेवला होता. तेव्हापासून मी कुणालाही "तुम्ही अमुकच ना?" असं विचारत नाही. नाव समोरच्याने स्वतः सांगायचं, जन्मतारीखही. लेबल रक्त काढल्यावर, त्यांच्यासमोर लावायचं, आधी चिकटवून ठेवायचं नाही.

आपल्या लोकांची तर नावांची गंमतच. पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव, मेडिकेअर कार्डावर नवऱ्याचं, डॉक्टरांच्या फॉर्मवर माहेरचं आडनाव आणि घरी हाक मारायचं चौथंच. एक ताई वैतागून म्हणाल्या, "अहो, मी एकच आहे, कुठलंही लिहा!" कुठलंही नाही लिहिता येत, ताई. कृपा करून सगळीकडे एकच नाव करून घ्या.

आपली भाषा कामाला येते ती अशी. एकदा मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी आल्या. फास्टिंग शुगर करायची होती. मुलगा म्हणाला, "येस, शी इज फास्टिंग." मी सहज मराठीत विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लंत का?" आजी म्हणाल्या, "छे गं, चतुर्थी आहे ना, कडक उपवास. वाटीभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा घेतला तेवढाच." मुलाने कपाळावर हात मारला. हसण्यावारी नेऊ नका. त्या रिपोर्टवरून आजींच्या गोळ्या वाढल्या असत्या. "फास्टिंग" म्हणजे पाण्याशिवाय काही नाही, हे मी त्यांना समजावलं आणि दुसऱ्या दिवशी बोलावलं.

काम गोड-गोड आहे असं मी सांगणार नाही. केंद्रं सकाळी लवकर उघडतात. हिवाळ्यात अंधारात घर सोडावं लागतं. लहान केंद्रात दिवसभर एकटीनेच सगळं पाहावं लागतं. रक्तच नव्हे, लघवीचे आणि विष्ठेचे डबेही हाताळावे लागतात. सुई पाहून धिप्पाड माणूस चक्कर येऊन पडतो, मूल किंचाळतं. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर हट्ट न करता दुसऱ्याला बोलवायचं, हा नियम आम्हाला शिकवतात. पहिल्या वर्षी त्यात फार कमीपणा वाटायचा. २०२० मध्ये, जुलै ते ऑक्टोबर मेलबर्न बंद होतं, तेव्हा आमच्यापैकी कित्येक जण गाड्यांच्या रांगांमध्ये उभे राहून नाकातले नमुने घेत होते. मीही होते. घरी आल्यावर मुलीला जवळ घ्यायची भीती वाटायची.

आता वडिलांचं. मी कोर्सला जाते म्हणून फोनवर सांगितलं तेव्हा दादांनी विचारलं, "म्हणजे नर्स?" नाही. "मग लॅबमध्ये शास्त्रज्ञ?" तेही नाही. "मग काय?" मी म्हटलं, "रक्त काढायचं." पलीकडे बराच वेळ शांतता. बँकेत अधिकारी असलेली मुलगी परदेशात जाऊन हे करते, ही गोष्ट त्यांना गिळवेना. नंतर कळलं, ते कॉलनीत सांगत सुटले होते, "आमची मुलगी तिकडे कलेक्टर झाली." खोटं एक अक्षर नाही! मी हसले, पण मंडळी, मनात टोचलं. माझी सुई फार बरी.

२०१९ च्या डिसेंबरात नाशिकला गेले होते. दादांच्या तपासण्या होत्या. सकाळी साडेसहाला लॅबचा मुलगा मोटारसायकलवरून आला. जेमतेम पंचविशीचा, डी.एम.एल.टी. झालेला. दादांचे हात म्हणजे नुसती कातडी आणि हाडं, शिरा दोऱ्यासारख्या. त्याने घाई केली नाही. आधी म्हणाला, "आजोबा, पूर्ण नाव सांगा." दादा म्हणाले, "अरे, बाहेर पाटीवर आहे ना!" "पाटी राहू द्या, तुम्ही सांगा." मग बोटाने शीर चाचपली आणि पहिल्याच प्रयत्नात काम केलं. दादांना कळलंही नाही. मी नुसती बघत राहिले.

दादांनी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कुठे शिकलास, किती दिवस लागले, सगळं विचारलं. आणि मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही माझी मुलगी. ही पण हेच काम करते, ऑस्ट्रेलियात." कलेक्टर हा शब्द त्यांनी त्यानंतर वापरला नाही.

तुमच्यापैकी कुणाला या वाटेने जायचं असेल तर थोडक्यात सांगते. संस्था आणि कोर्स सरकारच्या प्रशिक्षण नोंदणीत आहेत का ते आधी पाहा. प्रत्यक्ष केंद्रातलं काम संस्था मिळवून देते की तुम्हालाच शोधावं लागतं, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा, कारण त्यावाचून सर्टिफिकेट पुरं होत नाही. राज्य सरकारची फीमध्ये सवलत तुमच्या व्हिसावर मिळते का ते तपासा. गाडी चालवता येत असेल तर उत्तम, कारण केंद्रं विखुरलेली असतात. आणि वय विचारू नका. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या रबरी हाताला पहिल्यांदा टोचलं.

ज्यांना हे काम करायचं नाही, त्यांनी एवढंच करा. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर समोरच्या बाईने किंवा मुलाने तुमचं नाव आणि जन्मतारीख विचारली, "फॉर्मवर आहे ना" असं म्हणू नका. सांगा. ती तुमचीच काळजी घेते आहे.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. फराळ मनसोक्त खा, पण शुगर तपासायला जाण्याच्या आदल्या रात्री चकलीचा डबा वरच्या फळीवर ठेवा.